अनुभव धागा : अ‍ॅनिमेचा माल – ओरिजिनल की फर्स्ट कॉपी?

सांगलीचा हरभट रोड असो नाहीतर साताऱ्याचा राजवाडा, अ‍ॅनिमेतल्या (जपानी कार्टून मालिकांतल्या) लुफी, गोकू, तांजिरोच्या छोट्या मूर्ती, म्हणजे फिगर, मांडलेलं एखादं तरी दुकान आता सापडतं. घेताना काय बघता ते लिहा. फसल्याच्या कहाण्या नकोत, खुणा सांगा.

विश्रामबाग, सांगली
खोका बाजूला ठेवा, आधी डोळे बघा. ओरिजिनल फिगरचे डोळे छापलेले असतात. रेघ बारीक, दोन्ही बुबुळं एका दिशेला. कॉपीत छपाई जराशी सरकते आणि लुफी तिरळा दिसतो. मग केसांची टोकं. कॉपीचा साचा पुष्कळदा ओरिजिनल फिगरवरूनच काढतात, त्यामुळे बारकावे बुजतात, टोकं बोथट येतात आणि अख्खी फिगर किंचित बुटकी भरते. नेंडोरॉइड (मोठ्या डोक्याची बुटकी फिगर) साधारण १० सेंमीची असते. पट्टी लावायला लाजू नका.
ओरिजिनलची कातडी मॅट असते, गालांना-गुडघ्यांना हलकी शेड असते. कॉपी तेल लावल्यासारखी चकाकते. कॉलर, पट्टा, बुटाचा तळ, जिथे दोन रंग भेटतात तिथे रंग ओघळलेला सापडतो. शेवटी स्टँड. खुंटी न तासता भोकात बसली पाहिजे. दुकानदार “जरा दाबा, बसंल” म्हणाला की काय ते समजा.

राजवाडा, सातारा
दादांचं बरोबर आहे. लोक डोळे सोडून स्टिकरच बघत बसतात, आणि स्टिकर छापायला फारसा खर्च येत नाही. तोएई अ‍ॅनिमेशन या जपानी स्टुडिओचं चमकतं स्टिकर त्यांच्याच मालिकांवर शोभतं, म्हणजे ड्रॅगन बॉल, वन पीस वगैरे. नारुतो स्टुडिओ पिएरोचा, डेमन स्लेयर युफोटेबलचा. त्यांच्या खोक्यावर तोएईचं स्टिकर दिसलं तर हात आखडता घ्या. उलट स्टिकर नाही म्हणून माल खोटा ठरत नाही. जपानबाहेर विकायच्या खोक्यावर ते नसूही शकतं.
त्यापेक्षा कॉपीराइटची ओळ वाचा. ड्रॅगन बॉलवर बर्ड स्टुडिओ, शुएशा आणि तोएई ही नावं हवीत. कॉपीवर पुष्कळदा ओळच नसते, किंवा अक्षरं फुटलेली असतात. मोबाईलच्या कॅमेऱ्यात मोठी करून बघा. फिगरवर दिसणारं बनप्रेस्टो हे नाव २०१९ पासून बंदाई स्पिरिट्सचा ब्रँड आहे, म्हणून त्यानंतरच्या खोक्यावर बंदाई स्पिरिट्सचं नाव शोधा.
बारकोड ४५ किंवा ४९ ने सुरू झाला तर तो नंबर जपानात नोंदवलाय, एवढाच अर्थ. तो कुणीही उतरवतो. आणि “मेड इन चायना” वाचून माघारी फिरू नका. अस्सल फिगरही बऱ्याचशा तिथेच बनतात.

गणपती पेठ, सांगली
भाव बघा की राव. नेंडोरॉइडला जपानातच पाच-सात हजार येन पडतात, वर वाहतूक. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाली. मग इथे “इम्पोर्टेड ओरिजिनल” ७०० रुपयांत कसं परवडेल? आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपीचं लेबल लागतं. नसेल तर पक्कं बिल मागा. बिलाचं नाव काढलं की भाव आपोआप उतरतो, तेही एक उत्तरच.

मिरज
मांगाबद्दल (जपानी चित्रकथांची पुस्तकं) कुणी लिहिलं नाही म्हणून. इंग्रजी मांगा छापणाऱ्या व्हिझ प्रकाशनाच्या अलीकडच्या पुस्तकांचा आयएसबीएन (बारकोडजवळचा पुस्तक क्रमांक) बहुतेक ९७८-१-९७४७ ने सुरू होतो, जुन्यांचा ९७८-१-४२१५ ने. पायरेटेडवाले तोही जसाच्या तसा छापतात, तेव्हा खरी परीक्षा आतल्या पानावर. मांगातली करडी छटा म्हणजे बारीक ठिपक्यांची जाळी. स्कॅन करून पुन्हा छापलं की त्या जाळीत लहरी उठतात, नाहीतर ठिपके एकमेकांत मिसळून डाग पडतात. काळा रंग राखाडी उतरतो. शिवणीकडचे संवाद अर्धे कापले जातात, कारण स्कॅन करताना पुस्तक पूर्ण उघडत नाही. लढाईचं दोन पानी चित्र काढून बघा, लगेच कळेल.

कराड
पोकेमॉन कार्डं: पन्नासेक सोनेरी कार्डांचा दोनशे-तीनशे रुपयांचा संच मिळतो, तो खोटाच. साध्या कार्डामागे मोबाईलचा टॉर्च धरा. खोट्यातून उजेड जास्त येतो, पण शेजारी एक खात्रीचं कार्ड हवं, नुसत्या अंदाजाने कळत नाही. चमकी कार्डावर ही चाचणी फसते. मागची निळी बाजू फिकट किंवा जांभळट आहे का, इंग्रजी नावातल्या ‘ई’वरची तिरकी रेघ जागेवर आहे का, तेही बघा.

सांगलीवाडी
एक सांगायचं राहिलं. वाकलेली फिगर म्हणजे कॉपीच, असं नाही. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत अस्सल पीव्हीसीचे घोटेही वाकतात. कढत पाण्यात (उकळत्या नव्हे) पाय अर्धा मिनिट धरा, हाताने सरळ करा, लगेच गार पाण्यात बुडवा. वर्षानुवर्षं खोक्यात बंद राहिलेली अस्सल फिगरही चिकट होते. कोमट पाणी आणि सौम्य साबणाने धुवा, सावलीत वाळवा.

सदर बझार, सातारा
ऑनलाइन घेणाऱ्यांसाठी: पैसे देण्याआधी विक्रेत्याकडे चेहरा, स्टँडचा तळ आणि कॉपीराइटची ओळ यांचे फोटो मागा, शेजारी आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ मध्ये न थांबवता काढा आणि सुरुवात कुरियरच्या लेबलापासून करा, नाहीतर “हा आमचा खोकाच नाही” असं ऐकायला मिळतं. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. फोटो मागितल्यावर कंपनीच्या वेबसाइटवरचेच आले, तर पुढे बोलूच नका.