पाहुणा बोका १२ दिवस राहणार आहे, घरच्या दोघांचं काय करावं?

रानजाई
घरी ५ वर्षांचा बोका आणि ३ वर्षांची भाटी आहे, दोघांची नसबंदी झालेली. दिवाळीत बहिणीचा दीड वर्षाचा बोका १२ दिवस आमच्याकडे राहील. त्याचीही नसबंदी झाली आहे, लसी पूर्ण आहेत. फ्लॅट दोन बेडरूमचा. "एकत्र सोडा, होईल सवय" असं सगळे सांगतायत. सोडावं का? आणि नुसतं फिस्कारणं कुठवर चालतं, भांडण कधी समजायचं?

उंबरठा
सोडू नका. अनोळखी मांजरांची नीट ओळख व्हायला कित्येक आठवडे लागतात, कधी महिने. १२ दिवसांसाठी तो घाट घालूच नये. पाहुण्याला एक बेडरूम द्या आणि दार बंद ठेवा, त्यात त्याच्यावर काही अन्याय नाही. परक्या घरात मांजराला आधी लहानशी जागाच हवी असते.

तो यायच्या आधी खोली तयार हवी. एका कोपऱ्यात लिटर ट्रे (शी-शूसाठी रेतीसारखं लिटर भरलेला ट्रे), समोरच्या कोपऱ्यात खाणं-पाणी. पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून त्याला दोन बाजूंनी भोकं पाडा, म्हणजे आत कोंडल्यासारखं वाटत नाही. बहिणीला सांगा, त्याची रोजची चादर न धुता पाठव आणि त्याच्या ट्रेमधलं मूठभर वापरलेलं लिटरही दे. नव्या ट्रेमध्ये ते मिसळलं की जागा त्याला लगेच कळते. दाराखालच्या फटीत जाड टॉवेलची गुंडाळी घट्ट बसवा, नाहीतर दोन्हीकडून पंजे घालून तिथेच जुंपते.

पहिला दिवस तो पलंगाखालीच काढेल. ओढून काढू नका. मात्र २४ तासांत तोंडात काहीच घातलं नाही तर डॉक्टरांना फोन करा, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठू लागते. जाड मांजरांना हा धोका जास्त. आणि बोका पुन्हापुन्हा ट्रेमध्ये बसतोय पण लघवी होत नाहीये असं दिसलं, तर सकाळपर्यंतही थांबू नका.

मिशाळ
फिस्कारणं म्हणजे "लांब राहा" एवढंच. त्यावर ओरडू नका. काळजी करायची ती आवाज न करता चाललेल्या गोष्टींची. एक मांजर पॅसेजच्या तोंडाशी पसरतं, शेपटीचं फक्त टोक हलत असतं, पापणी लवत नाही. दुसरं येतं, थबकतं, ट्रेकडे न जाता मागे फिरतं. बघणाऱ्याला वाटतं किती शांत बसलंय! वाट अडवणं हीच भांडणाची सुरुवात असते.

तुमच्याकडे मला खरी भीती घरच्या दोघांची वाटते. बंद दारामागचा वास येतो, पण त्या बोक्यापर्यंत पोहोचता येत नाही. त्यात बाहेर सुतळी बॉम्ब फुटला की तो सगळा ताण जवळ असेल त्याच्यावर निघतो, म्हणजे भाटीवर. वर्षानुवर्षं एकत्र झोपणारी मांजरं अशी एका क्षणात फाटतात. म्हणून पाहुण्याला फटाके सुरू व्हायच्या तीन-चार दिवस आधी आणा, आणि घरच्या दोघांना त्या दारासमोर ठिय्या देऊ देऊ नका. त्यांचे ट्रे आणि वाट्याही वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

जुंपलीच तर हात मध्ये घालू नका. मोठा पुठ्ठा किंवा उशी मध्ये सरकवा, मग दोघांना वेगवेगळ्या अंधाऱ्या खोल्यांत ठेवा. राग उतरायला काही तास लागतात, कधी दोन दिवस. माणसाला चावा बसला किंवा ओरखडा आला तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

गॅलरीतली
साफसफाईचं राहिलं. फिनेल अजिबात नको, मांजरांना ते विषारी आहे. दाराच्या चौकटीवर कोणी शेपूट थरथरवत लघवीचा फवारा मारला तर एन्झाइमवालं क्लीनर वापरा. नुसत्या साबणाने आपल्या नाकाला वास गेलासा वाटतो, मांजराला येतच राहतो.

पिसवांचं औषध पाहुणा येण्याआधीच तिघांना लावून घ्या आणि ते मांजराचंच असू द्या. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं, त्याने मांजर दगावू शकतं. घरच्या दोघांच्या लसीही तपासा. मांजरांच्या पार्वोचा (उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या आजाराचा) विषाणू घरात वर्षभरसुद्धा तग धरतो. तो मारायला फरशीसाठी १ लिटर पाण्यात साधारण ३० मिली घरगुती ब्लीच, १० मिनिटं ओलं ठेवून मग स्वच्छ पाण्याने पुसा. तोवर मांजरं दुसऱ्या खोलीत.

रानजाई
खूप मदत झाली. त्याचा वास लागलेलं फडकं घरच्यांना हुंगायला द्यावं का?

उंबरठा
तिसऱ्या-चौथ्या दिवशी, सगळे नीट जेवत असतील तर. स्वच्छ मोजा त्याच्या गालावर फिरवा आणि बाहेर मोकळ्या जागी टाका, कोणाच्या वाटीजवळ किंवा अंथरुणावर नको. हुंगून निघून गेले तर उत्तम. गुरगुरले तर उचला आणि तो नाद सोडा.

तो परत गेला की त्या खोलीतल्या चादरी, पडदे धुवा आणि मगच दार उघडा. घरच्यांपैकी एकच आधी आत गेलं तर अंगाला परका वास घेऊन बाहेर येतं, आणि दुसरं त्यालाच पाहुणा समजून अंगावर जातं.