मदत हवी आहे: मोटर सुरू झाली की ईएसपी-३२ (मायक्रोकंट्रोलर बोर्ड) आणि व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) यांचं बोलणं तुटतं

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहत) कॉइल वाइंडिंग मशीनची जोडणी आहे. डेल्टा व्हीएफडी-ईएल, २३० व्होल्ट सिंगल फेज, १ एचपी मोटर. ईएसपी-३२ च्या १६-१७ पिनांवर मॅक्स-४८५ मॉड्यूल (आरएस-४८५ सिरियल तारांसाठी), त्याच्या पाठव-ऐक ठरवणाऱ्या डीई-आरई पिना एकत्र करून पिन ४ वर. त्यावर मॉडबस आरटीयू प्रोटोकॉल, ईएसपीत मॉडबसमास्टर लायब्ररी. ड्राइव्हचे पॅरामीटर: ०२.०० आणि ०२.०१ दोन्ही ३ (वेग आणि चालू-बंद आरएस-४८५ वरून), ०९.०१ = १ (९६००), ०९.०४ = ६ (८-एन-१).

मोटर बंद असताना २१०३एच (आउटपुट फ्रिक्वेन्सीचा रजिस्टर) कितीही वेळ वाचा, एकही चूक नाही. २०००एच (आदेशाचा रजिस्टर) वर १२ हेक्स लिहिलं की मोटर सुरू होते, दोन-तीन सेकंदांत लायब्ररीकडून एरर २२७ येतो, मग २२६, आणि शेवटी ईएसपीच रिसेट. केबल ४ मीटर साधी फ्लॅट वायर, फक्त एसजी+ आणि एसजी− या दोन सिग्नल तारा. टोकाला १२० ओहमचा रेझिस्टर लावून झालं, ढिम्म फरक नाही. जाणकारांनी सांगावं.

पीळदार_जोडी:
२२७ म्हणजे सीआरसी (संदेश नीट पोचला का याची तपासणी) चुकला, २२६ म्हणजे उत्तरच आलं नाही. बंद मोटरवर सगळं सुरळीत आहे, तेव्हा पॅरामीटर आणि कोड यांना हात लावू नका. १२० ओहमचाही नाद सोडा. ९६०० ला ४ मीटरवर त्याने काही बिघडत नाही की सुधारत नाही.

घोळ न लावलेल्या तिसऱ्या, म्हणजे जीएनडीच्या (ग्राउंड) तारेचा आहे. ड्राइव्हचं आउटपुट सेकंदाला हजारो वेळा सुमारे ३२५ व्होल्टच्या उड्या मारतं. प्रत्येक उडीला मोटरच्या केबलमधून थोडा करंट अर्थमध्ये उतरतो आणि दोन्ही टोकांचे ग्राउंड एकमेकांपासून हलतात. मॅक्स-४८५ ला −७ ते +१२ व्होल्टपर्यंतच हा फरक चालतो. ‘आरएस-४८५ ला दोनच तारा लागतात’ हे अर्धसत्य आहे.

शिल्ड असलेली पिळलेली जोडी आणि सोबत एक जीएनडीची तार घ्या. शिल्ड एकाच टोकाला, ड्राइव्हच्या अर्थला. मोटरच्या केबलपासून एक वीत तरी लांब. ओलांडावीच लागली तर काटकोनात. मोटरची अर्थ तार थेट ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलवर. रिसेट थांबवायला आयसोलेटेड (दोन बाजूंत थेट विद्युत जोड नसलेलं) आरएस-४८५ मॉड्यूल घ्या, म्हणजे ड्राइव्हचा जीएनडी ईएसपीपर्यंत पोचणारच नाही. मात्र केबलमधली जीएनडी तार मॉड्यूलच्या बसकडच्या जीएनडीलाच जोडा.

ड्राइव्हच्या आरजे (लॅनसारख्या) सॉकेटमध्ये कीपॅडचा पुरवठाही असतो. तयार लॅन केबल कापून रंगांवरून अंदाज बांधू नका, मॅन्युअलमधला पिनचा क्रम मीटरने तपासा. पॅनेल उघडण्याआधी पुरवठा बंद करून १० मिनिटं थांबा, कपॅसिटर भरलेले असतात.

साडेतीन_अक्षरं:
वर +१. शिवाय मॅक्स-४८५ ५ व्होल्टचा आहे. त्याची आरओ (आउटपुट) पिन ईएसपीच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर थेट ५ व्होल्ट टाकते. आज चालतंय, उद्या पिन जाईल. ३.३ वर चालवायचा तर मॅक्स-३४८५ घ्या.

धागाकर्ता:
तिसरी तार, शिल्ड केबल आणि आयसोलेटेड मॉड्यूल लावलं. ५० हर्ट्झवर अर्धा तास, चुका शून्य. रिसेटही नाही. आता मोटर फिरताना ईएसपीचा पुरवठा काढून पाहिला, तर मोटर फिरतच राहिली!

पीळदार_जोडी:
राहणारच. ०९.०२ मुळात ३ असतो, म्हणजे संपर्क तुटला तरी गप्प राहून चालू ठेव. तो १ करा, मोटर रॅम्पने (हळूहळू वेग कमी करत) थांबेल. २ केलात तर ड्राइव्ह मोटरला सोडून देईल आणि ती आपल्या वेगाने फिरत थांबेल. वाइंडिंगला ते नको, तार सैल पडते. मग ०९.०३ मध्ये वेळ भरा, ० असेल तर ही देखरेखच बंद असते.

धागाकर्ता:
०९.०३ ला १ सेकंद चालेल? दर २०० मिलीसेकंदाला वाचतो.

साडेतीन_अक्षरं:
नाही. मॉडबसमास्टर एक उत्तर हुकलं की २ सेकंद वाट बघत बसते, तेवढ्यात ड्राइव्ह संपर्क तुटला समजून ट्रिप (फॉल्टने बंद) होईल. ३ सेकंद ठेवा, किंवा लायब्ररीतला टाइमआउट २०० मिलीसेकंदांवर आणा आणि मग १ भरा. आणि इमर्जन्सी स्टॉप सिरियलवर नको. लाल बटणाने ड्राइव्हच्या पुरवठ्याच्या कॉन्टॅक्टरची कॉइल तोडा.