झॉडमधून जेसन स्कीमा काढला तर अर्धे नियम गायब, काय करावं?

मोंढ्यातला_डेव्हलपर (लातूर)

राम राम मंडळी. आडत दुकानांसाठी पावती-पट्टीचं सॉफ्टवेअर टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलंय. शेतकऱ्याचं नाव, माल, कट्टे, भरलेलं वजन, बारदाना वजा जाता नक्त वजन, ओलावा, भाव, हमाली, तोलाई या सगळ्यांचे नियम झॉडमध्ये (डेटा तपासणारी टाइपस्क्रिप्टची लायब्ररी) आहेत. आता रिपोर्टचा भाग दुसरा एक पोरगा पायथनमध्ये करायलाय, पुण्यात बसून. तो म्हणतो, तुझा झॉड माझ्या काय कामाचा, जेसन स्कीमा (डेटा कसा असावा हे सांगणारी, कुठल्याही भाषेतून वापरता येणारी फाइल) दे. रास्त आहे.

झॉड ४ मध्ये ती काढून देणारं टूजेसनस्कीमा हे फंक्शन आतच आलंय, म्हणून ते चालवलं. आधी तारखेवर एरर, कारण तिथं झेड डॉट डेट (झॉडचा तारखेचा प्रकार) आहे. ती बाजूला काढली तर ओलाव्यावर एरर. ओलावा मशीनमधून "११.८" असा स्ट्रिंग येतो, मी ट्रान्सफॉर्म लावून त्याचा आकडा करतो. मग 'अनरिप्रेझेंटेबल' (स्कीमात न उतरणाऱ्या गोष्टींचं काय करायचं तो पर्याय) याला 'एनी' दिलं. एरर गेले, पण दोन्ही जागी नुसता रिकामा कंस. पुण्याला पाठवायचं काय, डोंबल?

आणि दोन नियम रिफाइनमध्ये (झॉडमध्ये स्वतःचं तपासणीचं फंक्शन लावायची सोय) आहेत: नक्त वजन भरलेल्या वजनापेक्षा जास्त नको, आणि पैसे बँकेत जाणार असतील तर आयएफएससी पाहिजेच. ते फाइलीत नाहीतच, आणि त्याबद्दल एररसुद्धा नाही! हातानं लिहून काढू का सगळं? दिवाळीच्या आगंमागं सोयाबीनची आवक सुरू झाली की मान वर करायला सवड नसते.

परभणीकर०७

उलटं करा की. आधी जेसन स्कीमाच लिहा आणि दोन्हीकडं त्यावरून कोड काढा. एकच फाइल, भांडण नाही.

जुना_बॅकएंडवाला (संभाजीनगर)

परभणीकर, नवं काम असतं तर तुमचं ऐकलं असतं. चालू दुकानात पायापासून खणायचं नसतं. आणि दोन वजनांची तुलना तुमच्या त्या एका फाइलीतही लिहिता येणार नाही, ते पुढं सांगतो.

लातूरकर, आधी ठरवा की फाइल कुठल्या बाजूची पाहिजे. ओलावा आत येताना स्ट्रिंग असतो, बाहेर पडताना आकडा. जेसन स्कीमाला एकच बाजू कळते. म्हणून टूजेसनस्कीमाला 'आयओ' असा पर्याय आहे, 'इनपुट' किंवा 'आउटपुट', न सांगितलं तर आउटपुट. तुमचा ट्रान्सफॉर्म आउटपुटला अडला, कारण त्या फंक्शनमधून काय निघेल हे झॉडला बाहेरून दिसत नाही. ट्रान्सफॉर्मच्या मागं पाइप लावून (म्हणजे निघालेलं पुढच्या तपासणीला देऊन) झेड डॉट नंबर द्या. मग आउटपुटमध्ये 'नंबर' येईल, इनपुटमध्ये 'स्ट्रिंग' येईल. पुण्याच्या पोराला तुमच्याकडून तपासून झालेला डेटा जातोय, म्हणून त्याला आउटपुटची फाइल. उद्या कुणी मोबाइल ॲपवरून पावत्या तुमच्याकडं पाठवणार असेल तर त्याला इनपुटची. सरळ दोन फाइली काढा आणि नावातच लिहा कुठली कुठल्या बाजूची. हे उगाच सांगत नाही: डिफॉल्ट दिलेलं फील्ड आउटपुटमध्ये सक्तीचं होतं, इनपुटमध्ये होत नाही. साध्या ऑब्जेक्टवर आउटपुटमध्ये 'जादा फील्ड चालणार नाहीत' असंही येतं, इनपुटमध्ये येत नाही. चुकीची फाइल गेली तर पुण्याचा पोरगा तुम्हालाच शिव्या घालील.

तारीख: जेसनमध्ये तारीख नावाचा प्रकारच नाही, त्यामुळं झेड डॉट डेट दोन्ही बाजूंनी अडणार. सीमेवर झेड डॉट आयएसओ डॉट डेट ठेवा, फाइलीत 'स्ट्रिंग' आणि 'फॉरमॅट: डेट' असं उतरतं. डेट ऑब्जेक्ट पाहिजे तिथं आत, नंतर बनवा. पायथनच्या जेसनस्कीमा लायब्ररीत फॉरमॅट-चेकर वेगळा द्यावा लागतो, नाहीतर ती फॉरमॅटकडं ढुंकून बघत नाही. त्याला एवढं कळवा.

रिफाइन: त्यात तुम्ही वाट्टेल ते फंक्शन लिहू शकता, म्हणून झॉड ते निमूट सोडून देतो. एरर नाही ही गोष्ट मलाही पटत नाही, पण तसं आहे. तुमच्या दोन नियमांची जात मात्र वेगळी. आयएफएससीचा नियम रिफाइनमधून काढाच. 'रोख' आणि 'बँक' असे दोन ऑब्जेक्ट करा, डिस्क्रिमिनेटेड युनियन (एका फील्डवरून कुठला ऑब्जेक्ट ते ठरवणारी रचना) लावा, तो नियम फाइलीत पूर्ण उतरतो. वजनाचा उतरत नाही. एका फील्डची दुसऱ्याशी तुलना करायची सोय मूळ जेसन स्कीमात नाही. एजेव्हीत (जावास्क्रिप्टची जेसन स्कीमा तपासणारी लायब्ररी) 'डॉलर-डेटा' म्हणून आहे, पण ती त्यांची घरची भर, पायथनला ती कळणार नाही. तो नियम मेटामध्ये (झॉडच्या स्कीमाला जोडायची माहिती) वर्णन म्हणून लिहा, वर्णन फाइलीत जातं. आणि नक्त वजन भरलेल्यापेक्षा जास्त असलेली एक खोटी पावती दोघांच्या टेस्टमध्ये टाका, दोघांकडं ती नापास झाली पाहिजे.

मोंढ्यातला_डेव्हलपर

दादा, लई आभार. ओलावा, तारीख, बँक तिन्ही बसले. आता पुण्याहून नवीनच. नावासाठी मी 'बॅकस्लॅश-पी, स्क्रिप्ट देवनागरी' (म्हणजे देवनागरी अक्षरं) असा पॅटर्न दिलाय, पायथन म्हणायलाय 'बॅड एस्केप'. आणि आयएफएससी लहान अक्षरात आला तर माझ्याकडं चालतो, त्याच्याकडं नाही.

जुना_बॅकएंडवाला

दुसरं आधी. रेगेक्सवरचा (म्हणजे अक्षरांच्या पॅटर्नवरचा) 'आय' फ्लॅग, लहान-मोठं अक्षर एकच धरणारा, फाइलीत जात नाही, नुसता पॅटर्न जातो. फ्लॅग काढा आणि रेगेक्सच्या आधी टूअपरकेस (सगळी अक्षरं मोठी करणारं) लावा. झॉड ४ मध्ये तो ट्रान्सफॉर्म धरला जात नाही, त्यामुळं एरर येणार नाही, आणि पुढं जाणारा डेटा मोठ्याच अक्षरात असेल.

पहिलं: पायथनच्या 'आरई'ला (रेगेक्सची लायब्ररी) तो बॅकस्लॅश-पी कळतच नाही. ०९०० ते ०९७एफ अशी युनिकोडमधली देवनागरीची सरळ रेंज द्या, दोन्हीकडं चालते.

नांदेडची_टेस्टर

थांबा, त्या रेंजमध्ये 'कुऱ्हाडे' अडकेल! हा ऱ्ह दोन तऱ्हेनं टाइप होतो. काही कीबोर्ड ०९३१ हे अक्षर देतात, ते रेंजमध्ये आहे. काही साधा र, हलन्त आणि मधे झिरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह) घालतात. तो २००डी, म्हणजे रेंजच्या बाहेर. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, म्हणून शेतकरी म्हणणार नाव बरोबर आहे आणि सॉफ्टवेअर म्हणणार चूक. युनिकोड नॉर्मलाइज करूनही हे दोन एक होत नाहीत, बघून ठेवा.

पॅटर्नमध्ये २००डी घातला तर नाव आत येईल, पण तोच माणूस रिपोर्टमध्ये दोनदा दिसेल. त्यापेक्षा रेगेक्सच्या आधी ओव्हरराइट (प्रकार न बदलता मजकूर बदलायची झॉडची सोय) लावून जॉइनरवालं रूप ०९३१ वाल्यात बदला. ओव्हरराइटही टूजेसनस्कीमाला अडवत नाही. आधीच्या हंगामातली नावं मात्र एकदा स्क्रिप्ट चालवून बदलावी लागतील.