परत कुंभाराच्या चाकावर बसलेय, भांडी विकून चांगल्या कामाला पैसे द्यायचेत, कोणी केलंय का?

चिखलात_हात:
कॉलेजात पॉटरी शिकले होते, मग नोकरी-मुलं यात राहून गेलं ते गेलंच. आता परत सुरू केलंय. सेंटरिंग (माती चाकाच्या बरोबर मध्यावर बसवणं) हाताला आठवतंय पण जरा उंच ओढायला गेलं की भांड्याची भिंत बसतेच. तरी घरात भांडी साठायला लागलीत, म्हणून वाटलं विकून पैसे गरजूंना जेवण देणाऱ्या एका ग्रुपला द्यावेत. काय बनवलं तर लोक घेतील? आणि जुनी माती डब्यात दगड झालीये, ती फेकू का?

भट्टीवाला:
अहो फेकू नका!! पूर्ण वाळलीये ते उलट बरंच, अर्धवट ओली असती तर पाणी आत शिरलं नसतं. बारीक फोडा, पाण्यात बुडवा आणि ढवळू नका, आपोआप सुटते. मग वरचं पाणी काढून प्लास्टरच्या लादीवर पसरायची, मळण्याइतकी घट्ट झाली की उचलायची. फोडताना चांगला मास्क मात्र हवाच, धुळीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात गेली की निघत नाही. झाडू पण नको, ओल्या फडक्यानेच पुसा.
उंच भांड्यांचा नाद सध्या सोडा, वाडगे करा.

रिकामा_वाडगा:
वाडग्यांना +१. ‘एम्प्टी बाउल्स’ शोधून बघा. १९९० च्या सुमारास अमेरिकेत मिशिगनमध्ये जॉन हार्टम नावाच्या कलाशिक्षकांनी लिसा ब्लॅकबर्न यांच्यासोबत सुरू केलं. विद्यार्थ्यांनी वाडगे बनवले, लोकांना त्यात साधं सूप आणि सोबत ब्रेड दिला, लोकांनी पैसे दिले आणि वाडगा घरी नेला, जमलेले पैसे भुकेल्यांसाठी. आता बऱ्याच देशांत पॉटर मंडळी हे करतात. तुमचा ग्रुप जेवणाचाच आहे म्हणजे फिट्ट बसतंय, आणि नुसता स्टॉल लावण्यापेक्षा लोक जास्त थांबतात.

ग्लेझची_कटकट:
मी जरा थंड पाणी ओततो, सॉरी. खायचं भांडं देणार असाल तर आतलं ग्लेझ (भाजल्यावर होणारा काचेसारखा थर) फूड-सेफ हवं, शिसं असलेलं अजिबात नको. लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघा, रंग फिका पडला तर ते भांडं जेवणासाठी बाद. पण रंग टिकला म्हणजे सेफ असंही नाही हां, खात्री फक्त लॅब टेस्टने होते. ग्लेझला बारीक तडे असतील आणि माती नीट पक्की भाजलेली नसेल तर पाणी आत मुरतं. चॅरिटीसाठी आहे म्हणून गळकं भांडं खपवणं मला तरी पटत नाही, त्याची कुंडी करा.
आणि पैशांचं आधीच लिहून लावा, सगळी रक्कम देणार की माती-भट्टीचा खर्च वजा करून. खर्च काढला तर काही पाप नाही, लपवला की बोंब होते.

चिखलात_हात:
बापरे, लिंबू आजच लावते. वाडगेच करणार, ठरलं. भट्टी घरी नाहीये, दुसऱ्यांच्या भट्टीत भांडी दिली तर चालतं का?

भट्टीवाला:
चालतं, पण तुमची माती कितीला भाजायची ते आधी सांगा. स्टोनवेअर (जास्त तापमानाला पक्की भाजायची माती) साधारण १२०० ते १३०० डिग्री सेल्सियसला जातं, तिथे कमी तापमानाची माती ठेवली तर वितळून त्यांच्या शेल्फला चिकटेल आणि पुढच्या वेळी दारात उभं करणार नाहीत. डब्यावर काही लिहिलेलं नसेल तर छोटा तुकडा स्टोनवेअरच्या जुन्या बशीत ठेवून आधी टेस्ट भाजून घ्या.