नेटवर्किंगच्या पहिल्या कोर्सची सुरुवात ओएसआयच्या सात थरांनी का करायची?

पॅकेटपंथी (धागालेखिका)

नेटवर्क सपोर्टच्या टीमसाठी मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेते. बीई, बीसीए, बीएस्सी आयटी, सगळीकडची मुलं येतात. 'कॉम्प्युटर नेटवर्क्स' प्रत्येकाने केलेला असतो आणि ओएसआयचे (नेटवर्कचं काम सात थरांत वाटून समजावणारा नमुना) सात थर घडाघडा येतात. मग मी विचारते, "ब्राउझरमध्ये साइटचा पत्ता टाकून एंटर दाबलंस. तुझ्या मशीनमधून सगळ्यात आधी काय बाहेर पडलं, आणि कुणाकडे गेलं?" इथे बहुतेकांची गाडी अडते. डीएनएसपर्यंत (साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधणं) थोडे पोचतात, एआरपीपर्यंत (आयपी पत्त्यावरून जवळच्या मशीनचा हार्डवेअर पत्ता शोधणं) फारच थोडे. मुलं हुशार आहेत. शिकवण्याचा क्रम चुकतोय, असं माझं ठाम मत आहे.

आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेने ओएसआय मॉडेल प्रमाण म्हणून प्रसिद्ध केलं ते १९८४ साली. इंटरनेटचं पूर्वज असलेलं अर्पानेट त्याआधीच, १ जानेवारी १९८३ ला, टीसीपी/आयपीवर (आजचं इंटरनेट ज्या नियमांवर चालतं त्यांवर) गेलं होतं. सेशन आणि प्रेझेंटेशन (ओएसआयचे पाचवा-सहावा) हे स्वतंत्र थर टीसीपी/आयपीत नाहीतच. तरी सत्राचे पहिले दोन-तीन आठवडे त्यांच्या व्याख्यांत जातात, कारण 'सुबक आकृतीसह स्पष्ट करा' हा प्रश्न पेपरात येतो.

पहिल्याच प्रॅक्टिकलला वायरशार्क (मशीनमधून जाणारी-येणारी पॅकेट, म्हणजे डेटाचे तुकडे, दाखवणारा प्रोग्रॅम) उघडा आणि विंडोज मशीनवरून एक पिंग (दुसऱ्या मशीनला 'आहेस का?' विचारणारा छोटा संदेश) करा. पिंग म्हणतो ३२ बाइट पाठवले, वायरशार्क दाखवतो ७४. मधले ४२ कुठून आले? पोरांना शोधू द्या. ८ बाइट आयसीएमपीचे (पिंग ज्या प्रोटोकॉलने जातो त्याचे), २० आयपीचे, १४ इथरनेटचे. थर म्हणजे काय ते या वजाबाकीत दिसतं. आकृती त्यानंतर काढा, मग ती कुणी विसरणार नाही.

खडूफळा

तीव्र असहमत. मी तालुक्याच्या ठिकाणी संलग्न महाविद्यालयात हाच विषय शिकवतो.

लॅबमधल्या मशीनवर मुलांना अ‍ॅडमिनचे अधिकार नसतात, पॅकेट पकडायचा (कॅप्चरचा) ड्रायव्हर टाकता येत नाही. एका मशीनवर तिघं-तिघं बसतात. पण ही तक्रार बाजूला ठेवा, माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे. मॅक अ‍ॅड्रेस, आयपी अ‍ॅड्रेस, पोर्ट नंबर ही अनुक्रमे नेटवर्क कार्डाची, मशीनची आणि प्रोग्रॅमची तीन ओळखपत्रं वेगवेगळी का लागतात, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्यापुढे वायरशार्क उघडलात तर त्याला रंगीत ओळी पळताना दिसतील, बाकी काही नाही. आधी डोक्यात कप्पे तयार हवेत.

ओएसआय इतिहासजमा झालं म्हणता, तर आयएस-आयएस हा पॅकेटची वाट ठरवणारा राउटिंग प्रोटोकॉल त्याच घराण्यातला, आणि मोठमोठ्या सेवादात्यांच्या बॅकबोनवर (मुख्य जाळ्यावर) तो आजही चालतो. एचटीटीपीएस साइटचं प्रमाणपत्र ज्या एक्स.५०९ नमुन्यात असतं, तोही त्याच परंपरेतून आलेला. आणि तुमच्याच टीममध्ये 'लेयर थ्री स्विच', 'लेयर सेव्हन लोड बॅलन्सर' म्हणत असतील ना? ते आकडे कुठून आले? टीसीपी/आयपीच्या चार थरांत सातवा नसतो.

रात्रपाळी

खडूफळा सरांशी सहमत. एनओसीत (नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात) काम करतो, थर माझी रोजीरोटी आहेत.

एका छोट्या ऑफिसची तक्रार आली. पिंग व्यवस्थित, बहुतेक साइट उघडतात, पण एक पोर्टल अर्ध्यात लटकतं आणि मोठी अटॅचमेंट कधीच जात नाही. सगळे ब्राउझर आणि अँटिव्हायरसच्या मागे लागले होते. मी खालून वर गेलो. लिंक ठीक. गेटवे ठीक. मग 'तुकडे करू नका' हा फ्लॅग लावून पिंगचा आकार वाढवत नेला. १४६४ बाइट गेले, १४७२ ला उत्तरच नाही. कनेक्शन पीपीपीओईचं (ब्रॉडबँडवर लॉगिन करून जोडण्याची पद्धत), त्याचे ८ बाइट वजा जाता इथरनेटच्या नेहमीच्या १५०० ऐवजी १४९२ चीच वाट होती. 'पॅकेट मोठं आहे, लहान करा' असं सांगणारा आयसीएमपी संदेश मधल्या फायरवॉलने अडवलेला, त्यामुळे मोठी पॅकेट गुपचूप गायब. राउटरवर एमएसएस (एका पॅकेटात जास्तीत जास्त किती डेटा, तो आकडा) १४५२ केला, पोर्टल उघडलं.

कुठल्या थरापर्यंत सगळं ठीक आहे हा प्रश्न ज्याला पडत नाही, तो अशा वेळी मशीन फॉरमॅट करत बसतो.

पॅकेटपंथी

रात्रपाळी, तुमचा किस्सा माझ्या बाजूचा साक्षीदार आहे! १४६४ अधिक आयसीएमपीचे ८ अधिक आयपीचे २० बरोबर १४९२. हीच ती ७४ ची बेरीज. तुम्ही ती हाताने केलेली होती म्हणून सुचली. आणि या सगळ्या शोधात पाचव्या-सहाव्या थराचा कुठे संबंध आला?

सर, थर शिकवूच नका असं मी म्हणत नाहीये. टीएलएस (एचटीटीपीएसमागचं एन्क्रिप्शन) नेमका कितव्या थरात, यावर भले भले वाद घालतात. क्विक (ब्राउझर वापरतात तो नवा प्रोटोकॉल) तर यूडीपीवर (टीसीपीचा साधा, पोच न मागणारा भाऊ) बसून वाहतूक आणि एन्क्रिप्शन एकत्रच करतो, आणि २०२१ पासून तो आयईटीएफचा (इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचा) अधिकृत प्रोटोकॉल आहे. सात कप्पे आधी पक्के केलेल्या मुलाला हे सगळं अपवाद वाटतं. खरी पॅकेट आधी पाहिलेल्याला वाटत नाही.

अ‍ॅडमिन अधिकारांचं म्हणाल तर कॅप्चर तुमच्या लॅपटॉपवर करा आणि फाइल वाटा. तयार फाइल उघडायला तो ड्रायव्हर लागत नाही.

तिसरंवर्ष

सध्या हाच कोर्स करतेय म्हणून लिहिते. मला विषय कळायला लागला तो क्रिंपिंगच्या (केबलच्या टोकाला कनेक्टर बसवायच्या) दिवशी. आतल्या आठ तारांचा क्रम: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. हिरवीची जोडी मधल्या निळ्या जोडीला ओलांडून का जाते हे मी मॅडमना विचारलं, आणि त्यांनी जोड्यांचे पीळ उलगडून सिग्नल आणि गोंगाट समजावला. टेस्टरवर आठही दिवे ओळीने लागले तेव्हा फार आनंद झाला.

म्हणून पॅकेटपंथी ताई, मला तुमचा क्रमही पूर्ण पटत नाही. स्क्रीनवरचं पॅकेटही शेवटी दाखवलेलंच असतं. तार हातात असते. पण जर्नलात क्रॉसओव्हर केबलवर (एका टोकाला जोड्यांची अदलाबदल केलेली केबल) चार पानं लिहायला लावतात ते खटकतं. आजचे स्विच कुठल्या तारेवर बोलायचं ते आपणहून ओळखतात, हे त्या चार पानांत कुठेच नाही.

गर्दीशास्त्री

तुम्ही सगळे 'कसं' वर भांडताय, 'का' कुणी विचारतच नाही. १९८६ च्या ऑक्टोबरात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा ते बर्कली विद्यापीठ, जेमतेम ४०० यार्डांचं अंतर, तिथला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर कोसळला. कुठलीही तार तुटली नव्हती. पॅकेट हरवली की प्रत्येक मशीन ती पुन्हा पाठवत होतं, म्हणून गर्दी वाढत होती, म्हणून आणखी हरवत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये उपाय मांडला. प्रत्येक मशीनने आपणहून हात आखडता घ्यायचा, कुणी वरून सांगणारा नाही. यावर सबंध जगाचं इंटरनेट उभं राहिलं, आणि आपल्याकडे ते शेवटच्या युनिटमध्ये घाईघाईत उरकतात.

अलोहाला जुनाट म्हणून काढा असाही सूर असतो, त्याला माझा विरोध. हवाई बेटांवर १९७१ मध्ये रेडिओवर सुरू झालेलं ते नेटवर्क. 'वेळेचा जास्तीत जास्त १८.४ टक्केच उपयोग होतो' हे गणित मुलं पाठ करतात, पण एकाच हवेत सगळे बोलायला लागले तर काय होतं, हा प्रश्न प्रत्येक हॉस्टेलच्या वायफायवर रोज रात्री जिवंत असतो.

पॅकेटपंथी

गर्दीशास्त्री, अलोहाबद्दल मान्य, वायफायशी जोडून शिकवला तर जरूर ठेवा. आणि १९८६ ची गोष्ट ट्रान्सपोर्ट लेयरच्या पहिल्याच तासाला सांगायला हवी.

तिसरंवर्ष, तार आधी की पॅकेट आधी यावर मी अडून बसणार नाही. व्याख्या आधी नको, एवढंच.

खडूफळा

कॅप्चर फाइल वाटायची सूचना चांगली आहे, या सत्रात करून बघतो. ७४ बाइटांची वजाबाकी ओरललाही विचारेन. पण पहिला आठवडा ओएसआयचाच राहील. माझ्या वर्गातली निम्मी मुलं बारावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेली असतात. त्यांना वायरशार्कच्या इंग्रजी खिडकीपुढे बसवण्याआधी, फळ्यावर सात ओळी काढून, कोण कुणाशी बोलतं हे मराठीत सांगण्यात माझा जो आठवडा जातो, तो मी वाया गेला असं मानत नाही. पेपरात तो प्रश्न नसता तरी मी हेच केलं असतं.