प्रतिसाद: स्वभाव आईचा की ताण परिस्थितीचा?

गरोदरपणातल्या ताणाचा बाळावर परिणाम होतो असं म्हटलं की एक शंका येते, आणि ती रास्त आहे: चिडखोर आईचं मूल चिडखोर निघालं तर दोष गरोदरपणातल्या ताणाचा की तिच्याकडून आलेल्या गुणसूत्रांचा? दोन्ही एकाच घरात, वेगळे करायचे कसे? गर्भवतींना मुद्दाम ताण तर देता येत नाही.

हे काम निसर्गानंच केलं. जानेवारी १९९८मध्ये कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात गोठणाऱ्या पावसाचं वादळ (आइस स्टॉर्म) झालं. तारांवर बर्फ साचून विजेचे मनोरे अक्षरशः मोडून पडले. कडाक्याच्या थंडीत कुणाची वीज काही तासच गेली, कुणाची चाळीस दिवस. कुणाच्या वाट्याला किती अंधार हे स्वभाव बघून ठरलं नव्हतं, गंमत तिथेच आहे! संशोधक सुझन किंग यांच्या चमूनं तेव्हाच्या गर्भवतींना विचारलं: वीज किती दिवस नव्हती, घर सोडावं लागलं का, इजा झाली का, नुकसान किती? 'मला किती त्रास झाला' हे वेगळं मोजलं.

साडेपाच वर्षांनी मुलं तपासली, तर जास्त हाल सोसलेल्या आयांच्या मुलांची बुद्ध्यांकाची आणि भाषेची सरासरी कमी भरली. आईला मनातून किती त्रास झाला त्यापेक्षा प्रत्यक्ष हालांशी हा संबंध जास्त जुळला.

हा ताण बाळापर्यंत पोचतो कसा? एक वाट कॉर्टिसॉलची, म्हणजे ताणात वाढणाऱ्या संप्रेरकाची. वारेत (प्लॅसेंटात) आईच्या कॉर्टिसॉलचा बराचसा भाग निष्प्रभ करणारं विकर (एन्झाइम) असतं, पण सगळा भाग नाही. मात्र मुलांमधला तो फरक सरासरीचा आहे हं, एकेका मुलाचं भविष्य नव्हे. त्यामुळे 'टेन्शन घेऊ नकोस, बाळाला लागेल' असं सुनेला दिवसातून दहादा बजावणाऱ्यांनी त्याऐवजी तिच्या हातातली घागर घ्यावी.