मदत हवी आहे : पिशवीतली घरगुती पेप्सी – आंब्याची फुटते, कोकमाची गोठत नाही

वाड्यावरची

नमस्कार मंडळी. मी फोंडा तालुक्यात राहते. मे महिन्यात आमच्या देवळाच्या सभामंडपात वाड्यावरच्या मुलांचं नाट्यशिबिर असतं. तालमीनंतर मुलांना काहीतरी गार द्यायचं खातं यंदा माझ्याकडे आलंय. पन्नासेक मुलं आहेत. विकतची रंगीत पेप्सी नको यावर सगळ्या आया ठाम आहेत, आणि मलाही घरचंच करायचंय. परसात माड आहेत, कोकम आहे. मानकुराद विकत घ्यायचा तर शिबिराची वर्गणी त्यातच जाईल, पण आमच्या झाडाचे पडीचे आंबे चालून जातात.

साचे पन्नास मुलांना पुरणार नाहीत आणि माझ्या फ्रीझरमध्ये मावणारही नाहीत, म्हणून पिशव्या. म्हापशाच्या बाजारातून लांबट पारदर्शक पिशव्या आणल्या, रस भरला, मेणबत्तीवर तोंड बंद केलं. थोड्या थोड्या करून पाहिल्या, त्याचा हिशेब असा : आंब्याच्या पिशव्या शिवणीवर फुटल्या. शहाळ्याच्या पाण्याचा दगड झाला, दात लागेना. कलिंगडाच्या पेप्सीतला रस पहिल्या दोन मिनिटांत चोखून संपतो आणि मागे नुसता पांढरा बर्फ उरतो. आणि कोकम सकाळपर्यंत गोठतच नाही, चिखल होऊन बसतं. फ्रीझर तोच, रात्र तीच, मग चौघांच्या चार तऱ्हा का? कृपया कुणी नीट सांगेल का?

रसायन_मास्तर

उत्तर देण्याआधी दोन प्रश्न. पिशवी मुठीत चुरगाळली की कडकड वाजते का? आणि कोकम म्हणजे आगळ (मिठातला कोकमाचा रस) की साखरेत मुरवलेलं?

वाड्यावरची

वाजते, चांगली वाजते. कोकमाचं आगळच आहे. त्यात पाणी, थोडी साखर, जिरेपूड.

रसायन_मास्तर

मग दोन कोडी सुटली.

कडकड वाजणारी, काचेसारखी स्वच्छ दिसणारी पिशवी बहुतेक पॉलिप्रॉपिलीनची असते. मसाले, फरसाण भरायला ती उत्तम, पण शून्य अंशाच्या आसपास ती ठिसूळ व्हायला लागते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, म्हणजे आतून रेटा आणि बाहेरून ठिसूळपणा. शिवणीवर फुटणारच. फ्रीझरसाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पिशव्या एलडीपीईच्या असतात : मऊ, किंचित दुधी, न वाजणाऱ्या, त्रिकोणात ४ आकडा असलेल्या. त्या गारठ्यातही लवचिक राहतात. झिपवाल्या घेतल्या तर मेणबत्तीचाही खटाटोप नाही. कुठलीही घ्या, वरची दोन बोटं रिकामी सोडा आणि हवा दाबून काढा. पाकिटावर ‘फूड ग्रेड’ लिहिलेलं हवं, आणि गरम रस कधीही ओतायचा नाही.

आता आगळ. त्यात टिकण्यासाठी भरपूर मीठ असतं. विरघळलेल्या कणांची संख्या जितकी जास्त तितका गोठणबिंदू खाली जातो, आणि वजनाला वजन धरलं तर मीठ हे काम साखरेच्या बारापट करतं. ग्रॅमभर मिठात साखरेपेक्षा कितीतरी जास्त कण, शिवाय पाण्यात प्रत्येकाचे दोन तुकडे. म्हणून तुमचं कोकम चिखल होतं. उलट शहाळ्याच्या पाण्यात विरघळलेलं फारच कमी, म्हणून त्याचा दगड.

मी साधारण लिटरभर पाण्याला १५० ते १८० ग्रॅम साखर धरतो. फळाचा रस असेल तर त्याच्या अंगची साखर वजा करून. चाखताना नेहमीपेक्षा थोडं गोड लागलं पाहिजे, कारण गारठ्यात जिभेला गोडी कमी कळते. पण गोडीच्या नादात दुप्पट साखर घातली की पुन्हा चिखल. शहाळ्यात थोडी साखर आणि मलई वाटून घाला, दगड होणार नाही.

शांतादुर्गा_एक्स्प्रेस

कोकमासाठी आगळ सोडाच हो ताई. मे महिना आहे, रातांबे (कोकमाची ताजी फळं) मिळतात. सालं आणि साखर बरणीत थरावर थर भरा, उन्हात ठेवा, जो लाल पाक सुटेल तो पाण्यात मिसळून गोठवा. मीठ चिमूटभर, चवीपुरतं. रंगही असा येतो की विकतच्या पेप्सीची आठवण कुणी काढणार नाही. आगळ सोलकढीसाठी राखून ठेवा.

बेतुलचा_वारा

कलिंगडाबद्दल लिहितो. सावकाश गोठलं की पाण्याचे शुद्ध स्फटिक आधी तयार होतात आणि रंग, गोडी, वास सगळं मधे ढकललं जातं. मूल चोखतं तेव्हा तो पाक आधी निघून येतो, सांगाडा मागे राहतो. बाजारातल्या पेप्सीचंही हेच होतं, पोरांना त्याची सवय असते म्हणून तक्रार होत नाही.

उपाय दोन. एक, लवकर गोठवा : पिशव्या उभ्या नको, स्टीलच्या ताटात आडव्या, एकीवर एक न ठेवता, ताट थेट फ्रीझरच्या तळाला टेकलेलं. रस आधी फ्रीजमध्ये गार करून मगच आत. दोन, कडा धरायला लागल्या की पिशवी बाहेर काढून बोटांनी चोळायची आणि परत ठेवायची. अर्ध्या तासाने पुन्हा एकदा. स्फटिक मोडतात, रस सगळीकडे राहतो. साच्यात हे करता येत नाही, पिशवीत येतं. माझ्या मते पिशवीचा खरा फायदा हाच, जागा वाचते हा नव्हे.

पाण्यात कालवलेलं चमचाभर कॉर्नफ्लोर शिजवून, गार करून लिटरभर रसात मिसळलं तर आणखी बरं. आंब्याला याची गरज नाही, त्याचा गर मुळातच दाट. पर्रा गावचं गोड कलिंगड मिळालं तर साखर हात राखून घाला.

डिचोलीची_चिमणी

वरच्या सगळ्यांना +१. पण कुणीच ओठांबद्दल बोललं नाही! गोठलेल्या पिशवीच्या कडा आणि सीलचे कोपरे धारदार असतात, लहानांच्या तोंडाच्या कोपऱ्यात कापतं. कोपरे कात्रीने गोल करा आणि हातात देताना भोवती सुती फडक्याचा तुकडा गुंडाळा, बोटंही गारठत नाहीत. दोन इंच रुंद, आठ इंच लांब पिशवी मुलांच्या हाताला बरी पडते. गाळणीवर गाळल्याशिवाय भरू नका, आंब्याची एक शीर अडकली की झिप लागत नाही.

घरापासून देवळापर्यंत न्यायला थर्माकोलचा डबा लागेल. नवीन घ्या. मासळीवालीकडून मागून आणलात तर मानकुरादला बांगड्याचा वास, आणि शिबिर तिथेच आटोपेल.

खाऊचा_डबा

एक गोष्ट कळकळीची. गोठवल्याने जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात. विहिरीचं पाणी असेल तर उकळून, गार करूनच वापरा. पन्नास लेकरं आहेत, एकाचं पोट बिघडलं तरी गाव तुमचंच नाव घेईल.

हिरवा_कंदील

एवढं प्लॅस्टिक कशाला? स्टीलच्या छोट्या पेल्यांत गोठवून चमच्याने द्या.

वाड्यावरची

पेले पन्नास आहेत हो, देवळातले, पण ते ठेवायला फ्रीझर कुठून आणू? काठीच्या कँडीचाही विचार केला होता, पण प्लॅस्टिकच्या काठ्यांवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे आणि लाकडी काठ्या इथल्या दुकानात मिळाल्या नाहीत. रिकाम्या पिशव्या गोळा करून, धुऊन, वाळवून सुक्या कचऱ्यात देणार आहे. ते काम मोठ्या मुलांना वाटून दिलंय.

बाकी सगळ्यांना देव बरें करूं! न वाजणाऱ्या झिपच्या पिशव्या आणल्या, एकही फुटली नाही. चोळण्याची युक्ती जमली, कलिंगड शेवटपर्यंत लाल राहिलं. रातांब्यांची बरणी उन्हात आहे, शिबिरापर्यंत पाक सुटेल. शहाळं मात्र मलई घालूनही थोडं कडकच वाटलं, घरातल्यांना तसंच आवडलं, म्हणून तसंच ठेवते.

एक शेवटचं. संध्याकाळी वळवाचा पाऊस आला की आमच्याकडे वीज जाते. पेप्सी अर्धी वितळली तर पुन्हा गोठवलेली चालते का?

खाऊचा_डबा

वीज गेल्यावर फ्रीझरचं दार उघडून बघू नका, तिथेच अर्धी थंडी जाते. आंबा, कोकम, कलिंगड : पिशवी बंद आणि हाताला अजून चांगली गार असेल तर पुन्हा गोठवा, फक्त जरा खरखरीत होईल, तेव्हा परत चोळा. शहाळ्याची मलईवाली वितळली तर त्याच दिवशी घरात संपवा, शिबिरात नेऊ नका.